बेळगावातला मातीकामाचा सामायिक स्टुडिओ: सभासद होऊन अकरा महिने

शहापुरात माझं मेडिकल आहे. बीपीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला एक सुभेदार काका येतात, मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. बुटांना लख्ख पॉलिश, दाढी घोटलेली, आणि एके दिवशी बघतो तर नखांत माती. शेती करताय काय म्हणून विचारलं. "शेती न्हवं, चाक शिकालोय," म्हणाले आणि मोबाईल काढून एका वाटीचा फोटो दाखवला. वाटी काही फार सुबक नव्हती. पण नातवाचा फोटो दाखवावा तसे ते दाखवत होते. त्याच आठवड्यात मी टिळकवाडीत जाऊन आलो.

आर.पी.डी. कॉर्नरपासून चालत पाच-सात मिनिटांवर एक जुनं कौलारू घर आहे. त्याच्या पडवीत आणि मागच्या दोन खोल्यांत हा स्टुडिओ चालतो. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. पाटी लहान, जाहिरात नाही, आणि त्यांना ती नकोच आहे, म्हणून मीही नाव लिहीत नाही.

पैसे भरण्याआधी मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा चाकंच बघत राहिलो. विजेची पाच, पायानं फिरवायचं एक. सभासद किती, रांग लागते का, मोटर घरघरते का, असलेच प्रश्न विचारले. आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन, चाकाचं नंतर बघा. आधी कच्ची भांडी वाळत ठेवायच्या फळ्या बघा आणि भट्टी कोण लावतं ते बघा. चाकावर तुमचं भांडं पंधरा-वीस मिनिटं असतं. पुढचे तीन आठवडे ते फळीवर, ग्लेझच्या (भाजल्यावर भांड्यावर काचेसारखा थर धरणाऱ्या लेपाच्या) बादलीजवळ आणि भट्टीत असतं, आणि त्यातला बहुतेक वेळ तुम्ही तिथं नसता. सभासदत्वाचे पैसे खरं तर त्या तीन आठवड्यांचे आहेत.

पैशाचं सरळ सांगतो. महिन्याला २,४०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ६,६००. त्यात सोमवार ते शनिवार सकाळी आठ ते रात्री आठ कधीही यायची मुभा, तीन फूट लांबीची स्वतःची एक फळी, सगळ्यांची हत्यारं आणि स्टुडिओत बनवलेली ग्लेझं. माती वेगळी, १० किलोची पिशवी ४०० ला. भाजणावळही वेगळी, वजनावर. पहिल्या, म्हणजे बिस्किट भाजणीला किलोमागे ६० आणि ग्लेझच्या भाजणीला १२०. मी महिन्याला बारा किलोभर माती वापरतो, त्यातली निम्मी मोडून परत बादलीत जाते. सगळं धरून माझे महिन्याला साडेतीन ते पावणेचार हजार जातात. माझ्यासारख्या दुकानदाराला ही रक्कम सहज हातावेगळी करण्यासारखी नाही, तरी मी दोनदा विचार न करता भरतो.

आठवड्यातून एकदाच जमणार असेल तर मात्र सभासद होऊ नका. मातीला तुमची रजा आणि सुट्टी कळत नाही. सोमवारी चाकावर केलेली वाटी बुधवारी अशा अवस्थेत येते की नखानं रेघ उठते पण बोट रुतत नाही. तेव्हाच ती उलटी करून बूड तासायचं असतं. पुढच्या सोमवारी गेलात तर ती खडखडीत वाळलेली असते, तासणी नुसती खरवडते आणि कड टिचते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर मुदत थोडी वाढते, पण ते प्लास्टिकही कुणीतरी मधे उघडून बघावं लागतं. मला सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी दोन ते साडेचार जमतं, कारण त्या वेळात गल्लीत सामसूम असते आणि धाकटा भाऊ दुकान सांभाळतो. तेवढं नसतं तर मी हा उद्योग केलाच नसता. ज्यांना एकच दिवस मोकळा आहे त्यांच्यासाठी अक्कांचा रविवारचा वर्ग आहे, तो घ्यावा.

पहिले दोन महिने मला माती मध्यावर आणता आली नाही. गोळा चाकावर आपटून बसवायचा, हात ओले करायचे, कोपर मांडीला घट्ट टेकवायचं, एक तळवा कडेला आणि दुसऱ्या हाताची मूठ वरून. गोळा डुगडुगत असतो आणि तुमचे हात हलवत असतो. मी जोर लावायचो. वडलांच्या काळात आम्ही खलात औषधं घोटून द्यायचो, ती सवय मनगटात बसलेली. जितका जोर लावावा तितका गोळा एका बाजूला पळायचा. अक्का धारवाडकडच्या. त्यांचं मराठी अर्ध्या वाटेवर कानडीत उतरतं. त्या मागून यायच्या, माझ्या कोपरावर नुसतं बोट ठेवायच्या आणि सावकाश, घाई नको अशा अर्थानं म्हणायच्या, "अण्णा, निधान. अवसर माडब्याड्री. हात हलू देऊ नका, माती येते बघा तिकडं." नवव्या आठवड्यात एका शुक्रवारी ते झालं. चाक फिरत होतं आणि गोळा थांबल्यासारखा दिसत होता. हाताखाली काही म्हणता काही हलत नव्हतं, फक्त ओलावा सरकत होता. मी मोटर बंद केली नाही, वाडगाही केला नाही. तसाच बसून राहिलो. शेजारच्या चाकावरचे सुभेदार काका बघत होते, त्यांनी मान हलवली आणि परत आपल्या कामाला लागले.

शिकवणं म्हणून अक्कांना पैकीच्या पैकी. त्या तुमच्या हातातलं भांडं घेऊन नीट करून देत नाहीत. मोडलं तर मोडू देतात आणि मग तारेनं उभं कापून दाखवतात, हे बघा, इथं बूड जाड, इथं भिंत पातळ. सभासदत्वात शिकवणी धरलेली नाही, तरी त्या रोज एक फेरी मारतात.

पण स्टुडिओचा खरा कणा म्हणजे मामा. खानापूर तालुक्यातल्या कुंभाराच्या घरातले, साठी ओलांडलेले. खानापूरला खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे. तरुणपणी विजेचं चाक आपण पहिल्यांदा तिथंच हाताळलं असं ते सांगतात. भट्टी तेच लावतात, तेच उतरवतात. आणि बिस्किटला द्यायच्या आधी फळीवरचं प्रत्येक भांडं उचलून गालाला लावतात. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला उगीचच भरून आल्यासारखं झालं, एवढं ते हळुवार दिसतं. त्यामागं साधं कारण आहे. वरून कोरडं दिसणारं भांडं आत ओलं असेल तर ते गालाला गार लागतं, कारण पाणी अजून उडत असतं. असं भांडं भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, आणि भांडं फुटतं. फुटलेल्याचे तुकडे शेजारच्यांच्या भांड्यांत शिरतात. माझ्या एका किटलीचं बूड मामांच्या गालानं तीन वेळा नापास केलं. तिसऱ्यांदा मी जरा कुरकुरलो. "आत टाकलो तर तुझं एकट्याचं जात न्हाई बाबा," ते म्हणाले, "शेजारच्या धाजणांचं घेऊन जातंय." मी किटली परत फळीवर ठेवली.

पावसाळ्यात हे सगळं कठीण होतं. जुलैत बेळगावात कपडे वाळत नाहीत तिथं माती काय वाळणार. उन्हाळ्यात चार दिवसांत भाजणीला तयार होणारी वाटी जुलैत बारा दिवस घेते. कड आधी वाळते, बूड ओलंच राहतं, कडेला जोडलेला कान सुटतो. अक्कांनी भट्टीच्या खोलीत, भट्टीच्या मागच्या भिंतीला, लाकडी पट्ट्यांची एक मांडणी केली आहे. भट्टी निवताना निघणारी ऊब तिथं कामी येते. नवीन सभासदांना माझं सांगणं असं की जून ते सप्टेंबर मोठी भांडी करायला घेऊच नका. पातळ वाट्या, पणत्या, लहान ताटल्या करा आणि हात साफ करून घ्या.

उन्हाळ्यातला एक धडा हिशेबाचा आहे. घरी चहा प्यायला १५० मिलिलिटरचे कप हवे होते. कच्चा कप मोजून तेवढाच केला. भाजून आला तो १०० मिलिलिटरचा. आमच्या स्टुडिओची माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत सुमारे १२ टक्के आटते, हे पाटीवर लिहिलेलं मी वाचलं होतं. पण ते १२ टक्के लांबीचे. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून १२ टक्के गेले की आतल्या जागेतला जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. औषधं मापण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. आता मला १५० चा कप हवा असेल तर मी २२० चा करतो.

ग्लेझच्या खोलीत मात्र माझा धंदा कामी आला. तिथल्या बादल्यांवर नुसती नावं होती, निळं, ताक, मध, काळं. कुणी पाणी घालायचं, कुणी वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि तेच मध एका भाजणीत सोनेरी, दुसऱ्यात मातकट यायचं. मी अक्कांना विचारून दुकानातला एक जुना काटा आणि शंभर मिलिलिटरचा मापाचा ग्लास तिथं नेऊन ठेवला. शंभर मिलिलिटर ग्लेझ १४५ ग्रॅमच्या आसपास भरलं की भांडं तीन मोजेपर्यंत बुडवायचं. जास्त भरलं तर पाणी, कमी भरलं तर थांबून वरचं पाणी काढायचं. प्रत्येक बादलीचं माप तिच्यावरच्या चिठ्ठीवर. अक्कांनी तो नियम सगळ्यांना लावला, हे मला फार बरं वाटलं. सभासदाचं ऐकणारा स्टुडिओ असा असतो.

पहिल्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट विचारली होती, तुम्हीही कुठंही विचाराच. ज्या भांड्यात जेवायचं त्याच्या ग्लेझमध्ये शिसं आहे का? इथं शिशाचं काहीही वापरत नाहीत, आणि प्रत्येक ग्लेझचं साहित्य वहीत लिहिलेलं आहे, मागितली की वही हातात देतात. तरी मी माझ्या समाधानासाठी प्रत्येक नव्या रंगाच्या वाटीत लिंबाची फोड रात्रभर उपडी ठेवतो. सकाळी फोड उचलल्यावर खालचा रंग फिका पडला असेल तर ते ग्लेझ आंबटाला टिकत नाही, त्या वाटीत लोणचं-कढी नाही, कुंकू-सुपारी. एका हिरव्यावर असा डाग पडला. दुसऱ्या दिवशी वाटी नेऊन दाखवली. आठवड्याभरात त्या बादलीवर "फक्त शोभेसाठी" अशी चिठ्ठी लागली. लिंबाला न डगमगलेलं ग्लेझ प्रयोगशाळेत तपासल्यासारखं होत नाही हे मी जाणतो. पण डगमगलेलं मात्र नक्की कळतं.

आता मी केलेली चूक, कारण ती सांगितल्याशिवाय या जागेची पारख पुरी होत नाही.

माझी आत्या खानापूरला असते. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि खानापूरवरून पुढं जाते. तिकडची माती कौलांना, विटांना आणि मडक्यांना नावाजलेली. लहानपणी आत्याकडं गेलो की अंगणात चुलीशेजारी दह्याचं मडकं असायचं, त्या दह्याला पाणी म्हणून सुटायचं नाही. मला वाटलं, आपणही तिथली माती वापरावी. आत्याच्या ओळखीच्या एका कुंभाराकडून पाच किलो तयार लाल माती आणली आणि चार वाट्या केल्या.

लाल माती हजार अंशांच्या आसपास छान पिकते. स्टुडिओची पांढरट स्टोनवेअर माती १२२० ला. नियम स्पष्ट होता, बाहेरची माती वेगळ्या फळीवर, लाल चिठ्ठी लावून. तीन वाट्यांना मी चिठ्ठ्या लावल्या. चौथीला हौसेनं पांढऱ्या मातीचा लेप दिला होता, ती माझ्या फळीवर इतर वाट्यांत मिसळून गेली. बिस्किट ९८० ला झालं, काहीच बिघडलं नाही. मग ती ग्लेझमध्ये बुडाली आणि १२२० च्या भट्टीत गेली.

भट्टी उघडली त्या दिवशी मी हजर होतो. वरचा थर सुंदर, निळ्या वाट्या, सुभेदार काकांचा तांब्या. दुसऱ्या थरावर माझी वाटी नव्हतीच. होता तो काळपट तपकिरी, फोड आलेला, चकाकणारा एक ढेकूळ, पोळी तव्याला चिकटावी तसा भट्टीतल्या फरशीला चिकटलेला. त्याचा एक ओघळ शेजारच्या दोन कपांच्या बुडाखाली गेला होता. ते कप मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचे. तिनं ते आपल्या आजी-आजोबांसाठी केले होते, दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरून. मामांनी छिन्नीनं हलके हलके सोडवायचा प्रयत्न केला. दोन्हींची बुडं गेली, फरशीचा टवका उडाला.

कुणी आवाज चढवला नाही. अक्कांनी भट्टीची वही आणली. तिच्यात प्रत्येक भाजणीचं पान असतं, कुठल्या थरावर कुणाचं काय, किती वाजता किती अंश, कुणी लावलं. पान उघडून त्यांनी माझ्या नावापुढं काय झालं ते लिहिलं आणि मला वाचायला दिलं. फरशीचे १,८०० रुपये मी भरले, ते नियमातच होते. त्या मुलीला मी स्वतः फोन करून सांगितलं, दुसऱ्याकडून कळायच्या आत. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, काका, आजोबांचा कप मी पुन्हा बनवीन पण तसाच होईल का माहीत नाही. माझ्याकडं त्यावर उत्तर नव्हतं. मातीची एक नवी पिशवी तिच्या फळीखाली ठेवली, एवढंच. आणि मामा संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी एकट्याची चूक न्हवं ही. लावताना हातात घेतलो तवा वजन वेगळं लागलं होतं मला. मी थांबायला पाहिजे होतो."

त्यानंतर नियम बदलला. चिठ्ठी गळून पडते, म्हणून बाहेरच्या मातीच्या भांड्याला ओलं असतानाच बुडात शिक्का दाबायचा, लेप दिला तरी बुजणार नाही असा. शिक्का मी केला, एक त्रिकोण. ही घटना मी इतकी लांबवून सांगितली, कारण सामायिक भट्टी म्हणजे काय ते मला तिथं कळलं, आणि ज्या पद्धतीनं ती हाताळली गेली त्यावरून मी पुढचे सहा महिने एकदम भरले.

तक्रारी आहेत, त्याही तोंडावर सांगितलेल्या आहेत.

ग्लेझची भाजणी दर पंधरा दिवसांनी असं सभासद होताना सांगतात. प्रत्यक्षात भट्टी भरेपर्यंत थांबतात, त्यामुळं तीन आठवडे सहज होतात, ऑगस्टमध्ये पाच झाले. विजेचा खर्च मला कळतो, अर्धी भट्टी पेटवा असं मी म्हणत नाही. पण तारीख पुढं गेली तर कळवावं. दिवाळीच्या भेटींचं ठरवून बसलेल्या दोघीजणींची पंचाईत झाली.

परत वापरायच्या मातीची सामायिक बादली मला पसंत नाही. तिच्यात स्पंजाचे तुकडे निघतात, आणि त्याहून वाईट म्हणजे माती वाळवायच्या प्लास्टरच्या लाद्यांचे कण. माझ्या एका ताटलीचा टवका भाजून आठ दिवसांनी आपोआप उडाला, खाली पांढरा ठिपका. भाजलेलं प्लास्टर हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि वरची माती उचकटतं. जेवायच्या भांड्याला नवीच पिशवी फोडा.

रविवारच्या वर्गाच्या दुसऱ्या दिवशी फळ्या हललेल्या असतात. एकदा माझ्या कपाचा कान मोडला आणि कुणी मोडला ते कळलं नाही. आता सभासदांच्या फळ्यांना शनिवारी रात्री पडदा बांधतात, त्यानं बराच फरक पडला.

सगळ्यात मोठी तक्रार धुळीची होती. वाळलेल्या मातीची धूळ साधी धूळ नाही, तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कडक होतात आणि ते परत फिरत नाही. सिलिकोसिसचा धोका दगडखाणीत असतो तसाच मातीकामातही असतो. आणि वर्गानंतर तिथं चक्क केरसुणीनं झाडायचे. मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा अक्का आणि मामा दोघांना बसवून सांगितलं, कारण रोज आठ तास तिथं असणारे तेच दोघे. आता केरसुणी हद्दपार आहे, ओल्या पोछानं पुसतात, वाळलेल्या भांड्याची कड पॉलिश पेपरनं घासायची नाही, ओल्या स्पंजनं गोल करायची. मामा मास्क अजूनही गळ्यातच ठेवतात. मी गेलो की वर चढवतात.

सभासदांची मात्र मजा आहे. वीसेक जण आहोत, अर्धे कानडी बोलणारे, अर्धे मराठी, एक कोकणी काकू. हातात माती असताना कोण कुठल्या भाषेत बोललं ते नंतर आठवत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे एक दादा आहेत. भट्टीचा काटा १२२० दाखवायचा तरी ग्लेझ मंद यायचं, म्हणून त्यांनी भट्टीत त्या तापमानाला वाकणारे मातीचे शंकू ठेवून बघितले. शंकू ताठ उभे. तापमान मोजणारी तार जुनी होऊन चुकीचं सांगत होती. त्यांनी ती बदलली, हिशेब लागला. जूनमध्ये कर्नाटकी बेंदूर आणि मागोमाग मण्णेत्तिन अमावास्या, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या, आली तेव्हा अक्कांनी दोन दुपारी गल्लीतल्या पोरांना पडवीत बसवून मातीचे बैल करू दिले. ते भाजायचे नसतात, पूजा करून सोडायचे. एका पोराच्या बैलाला पाच पाय होते. शेपूट कुठली म्हणून विचारलं तर तो माझ्यावरच रागावला.

मघाची लाल मातीची गोष्ट तिथं संपली नाही. मामांनीच अक्कांपाशी विषय काढला की महिन्यातून एक भाजणी फक्त लाल मातीची करू, हजार अंशांवर थांबवू, पांढरं काही आत ठेवायचंच नाही. मार्चपासून ती सुरू झाली, किलोला ७० रुपये. मी आत्यासाठी दह्याचं मडकं केलं, ग्लेझ न दिलेलं, बुडात त्रिकोण. आत्यानं ते दिवसभर पाण्यात बुडवून ठेवलं, मग भाताची पेज त्यात घालून मंद चुलीवर ठेवली, गार करून धुतलं, आणि मग विरजण लावलं. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम खानापूरला गेलो. चमचा घातला तर कडा सरळ उभ्या राहिल्या, पाणी नाही. मातीनं ते पिऊन घेतलं होतं, मडकं बाहेरून गार आणि ओलसर लागत होतं.

आत्यानं ते दोन्ही हातांत घेऊन फिरवून बघितलं, बुडावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "दही चांगलं धरतंय," ती म्हणाली, "पण ह्यात दोघांचंच बसतंय. पुढचं जरा मोठं कर." मी तिला चौघांचं मोजून केलं होतं. लाल माती किती आटते ते मी मोजलंच नव्हतं. येत्या बुधवारी त्यासाठी एक पट्टी करून टाकणार आहे, दहा सेंटिमीटरची खूण मारून.